निरोपांची रांग

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, थोडा आटोपशीर करून)



विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला आधीच विचारलं, की मोबाईलच्या ॲपमध्ये मेसेज किती दाखवावेत आणि कोणता आधी दाखवावा, यावर तासभर बोलण्यासारखं आहे तरी काय? शंका रास्त आहे. पण हा प्रश्न मोबाईलच्या फार आधीचा आहे, आणि त्याचं बरंचसं उत्तर आपल्या गावाला ठाऊकही आहे.

गणपतीच्या या दहा दिवसांत मंडपातल्या माईकवर काय काय येतं ते बघा. कुणाचं पोर हरवलेलं असतं, कुणाची मोटारसायकल रस्त्यात आडवी उभी असते. वर्गणीदारांची नावं वाचायची असतात, रांगोळी स्पर्धेची वेळ सांगायची असते, एखाद्या कापड दुकानाची जाहिरात असते. चिठ्ठ्या सारख्या येत राहतात आणि प्रत्येकाला आपलीच चिठ्ठी तातडीची वाटते. माईक धरणारा शहाणा असला तर पोराचं नाव भजन थांबवून सांगतो. मोटारसायकलीचा नंबर दोन भजनांच्या मध्ये सांगतो. वर्गणीदारांची यादी आरती झाल्यावर सावकाश वाचतो, दुकानाची जाहिरात एकदा करतो, फार तर दोनदा. आरती चालू असताना तो माईक हातात घेतच नाही. आणि रात्री १० वाजता कायदाच त्याला गप्प बसवतो. आमच्या धंद्यात ज्याला मोठमोठी नावं आहेत ते एवढंच आहे: कोणता निरोप आधी, दोन निरोपांमध्ये अंतर किती, आणि कशाच्या मध्ये तोंड घालायचं नाही.

इथे एक फरक सांगून ठेवतो. पूर्वी कोतवाल डफडं वाजवत दवंडी द्यायचा, आपल्याकडे मुनादीही म्हणतात. ती दवंडी घरापर्यंत यायची. मोबाईल खिशात असताना टुंग करून वाजणारं नोटिफिकेशन म्हणजे ती दवंडी. मंडपातला माईक निराळा. तो मंडपात आलेल्यांसाठी असतो. तुम्ही ॲप उघडलं आणि पडद्यावर चौकट आली, वर पट्टी आली, कोपऱ्यात लाल ठिपका आला, तर तो हा माईक. मंडपात आलेला माणूस काहीतरी मनात धरून आलेला असतो. ॲप उघडणाराही तसाच. आज बोलायचं आहे ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

पैसे पाठवायच्या ॲपचंच घ्या. दुकानात माल घेतला, मागे चार गिऱ्हाईक उभे, आणि आजीने ॲप उघडलं. आधी सणाची सूट आली. फुली शोधून ती बंद केली तर कर्जाची चौकट. ती बंद केली तर ‘आम्हाला पाच तारे द्या’. आजी म्हणते, “बाबू, मी पैसे द्याले आली, अन्‌ हा मले कर्ज घे म्हणून राह्यला!” आमच्या धंद्यातल्या जाड जाड अहवालांपेक्षा या एका वाक्यात तक्रार जास्त नेमकी मांडली आहे.

हे होतं कसं? ऐकणाऱ्याला वाटतं, की तिकडे कुणी एक लबाड माणूस बसला आहे. तसं क्वचितच असतं. ॲपच्या मागे कर्ज विकणारा विभाग असतो, सणाच्या सवलतींचा असतो, ओळखपत्रं तपासणारा असतो, सुरक्षेचा असतो, तक्रारींचा असतो. प्रत्येक विभाग आपापल्या परीने संयमी असतो. आठवड्याला दोनच मेसेज, असं प्रत्येकजण ठरवतो. असे पाच विभाग आठवड्याला दोन-दोन पाठवतात आणि आजीच्या पडद्यावर दहा येतात. पाठवणाऱ्यांपैकी कुणीच मर्यादा ओलांडलेली नाही, आणि आजी मात्र बेजार.

या जागी आपल्या देशातला एक जुना प्रयोग आठवतो. सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली. सामान्य माणसांची आणि सणासुदीच्या शुभेच्छांची अडचण होऊ लागली, म्हणून नोव्हेंबरपासून ती २०० केली. हेतू चांगला होता, पण मोजणी पाठवणाऱ्याच्या टोकाला होती. शंभर जणांनी एकेक मेसेज पाठवला तर कुणाचाच नियम मोडत नाही आणि तुमचा फोन मात्र दिवसभर वाजत राहतो. मोजायचं असेल तर ज्याच्या हातात फोन आहे त्याच्या टोकाला मोजावं लागतं. ट्रायने पुढे बरंच काही केलं. नको असलेल्या जाहिरातींसाठी १९०९ आहे. २०१८ च्या नियमांनी पाठवणाऱ्यांना नाव आणि मजकुराचा साचा नोंदवायला लावला. आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येऊ लागलं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवेची माहिती, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. आज घरी गेल्यावर आपापल्या फोनमध्ये जरूर बघा. मेसेज उघडण्याआधी त्याची जात कळणं ही फार मोठी सोय आहे.

पण ट्रायचा हा पहारा एसएमएस आणि कॉलवर, म्हणजे अंगणाच्या फाटकावर. नोटिफिकेशन ओसरीपर्यंत येतं. तिथे फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी थोडी शिस्त लावली. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ॲपला आपले मेसेज निरनिराळ्या कप्प्यांत घालावे लागतात, आणि नको तो कप्पा तुम्ही बंद करू शकता. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला मेसेज पाठवायला आधी परवानगी विचारावी लागते. ॲपलने २०२१ मध्ये चार पायऱ्या केल्या, आणि त्यातली सगळ्यात वरची, फोन मुका असतानाही वाजणारी पायरी, ॲपलच्या खास परवानगीशिवाय कुणालाच वापरता येत नाही. हे सगळं ओसरीपर्यंतच. ॲप उघडून तुम्ही माजघरात शिरलात, की आत काय दाखवायचं हे ॲपवाल्याच्या मर्जीवर.

माजघरापर्यंत पोचणारा एक कायदेशीर हात अलीकडे तयार झाला आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार सांगितले आहेत. खोटी घाई करणं हा एक, म्हणजे ‘फक्त १० मिनिटं उरली’ असं सांगायचं आणि उद्याही तीच १० मिनिटं. नकार देणाऱ्याला लाज वाटेल असं बोलणं हा आणखी एक. आणि आपल्या विषयातला नेमका प्रकार म्हणजे टुमणं लावणं: माणूस आपल्या कामात असताना तीच ती मागणी पुन्हा पुन्हा पुढे करणं. लग्नाच्या वयाच्या पोरापोरींना हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. त्यांच्या बाबतीत कायदा काही करू शकत नाही, पण ॲपच्या बाबतीत तक्रार करायला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

कायदा टोकाच्या गोष्टी थांबवतो. रोजची रांग मात्र ॲप बनवणाऱ्यालाच लावावी लागते, आणि ती कशी लावावी याबद्दल आमचं मत पक्कं आहे. मेसेजची पायरी पाठवणाऱ्याच्या फायद्यावरून ठरवू नये. वाचणाऱ्याने तो पाहिला नाही तर त्याचं काय जाईल आणि कधीपर्यंत जाईल, यावरून ठरवावी.

आपल्याच शिवारातलं उदाहरण घेऊ. कपाशीच्या शेतात पाणी साचलं. पंतप्रधान पीक विमा योजनेत अशा स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते. ती गेली नाही तर नुकसान भरपाईच्या दारातच अडकायला होतं. शेतकऱ्याच्या ॲपमध्ये ‘खबर द्यायला आज शेवटचा दिवस’ हा मेसेज असेल आणि त्याच्या पुढे ट्रॅक्टरच्या कर्जाची जाहिरात असेल, तर जाहिरातीवाल्याचं एक गिऱ्हाईक वाढेल, पण शेतकऱ्याचा हंगाम जाईल. दोन्ही मेसेज पाठवणाऱ्याच्या टेबलावर सारखेच दिसतात, दोन्हींना ‘मोहीम’ असंच म्हणतात. फरक फक्त शेतात दिसतो.

दुसरं उदाहरण संत्र्याचं. आंबिया बहाराची फळगळ चालू असते ते हेच दिवस. बागेत फवारणी करायची, औषध महाग, मजूर सांगून ठेवलेले. हवामान खात्याचा ताज्या स्थितीचा अंदाज ३ तासांपुरता असतो. दुपारी २ वाजताचा ‘पाऊस येतोय’ हा मेसेज २ वाजता दिसला तर औषधाचे पैसे वाचतात. संध्याकाळी ॲप उघडल्यावर तो मोठ्या चौकटीत दिसला तर जखमेवर मीठ. म्हणून प्रत्येक मेसेजला पायरीबरोबर मुदतही हवी, आणि मुदत संपली की त्याने मुकाट्याने रांगेतून बाहेर पडावं. हवामान खातं मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला काढतं, ‘मेघदूत’ ॲपवर तो मिळतो. तो चार दिवस चालतो, त्याला चौकट लागत नाही, शांत पट्टी पुरते. विजेचा इशारा याच्या अगदी उलट. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजेची खबर देतं. ती खबर ॲपच्या आत ठेवून चालणार नाही, कारण वीज चमकत असताना शेतात उभा माणूस ॲप उघडत बसत नाही. तिथे दवंडीच हवी. निरोप ज्या भांड्यात द्यायचा ते भांडंही निरोपाबरोबर ठरवावं लागतं.

पण वरची पायरी सोयीची असते, म्हणून सगळेच तिच्यावर चढतात. याची किंमत काय असते ते २४ जुलै १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या टेक्साको तेलशुद्धीकरण कारखान्यात दिसलं. स्फोट होण्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत नियंत्रण कक्षातल्या दोघा कामगारांपुढे धोक्याच्या २७५ सूचना आल्या. नंतरच्या चौकशीत आढळलं, की तिथल्या २,०४० सूचनांपैकी ८७ टक्के ‘अतितातडीच्या’ म्हणून नोंदवलेल्या होत्या. ज्या दोन-चार सूचना खरंच बघायला हव्या होत्या त्या त्याच ढिगात होत्या. पुढे इंग्लंडमधल्या अभियंत्यांनी मार्गदर्शिका काढली, तिच्यात नेहमीच्या कामकाजात साधारण १० मिनिटांना एक सूचना हे माणसाला झेपणारं प्रमाण धरलं आहे. लक्षात घ्या, ते पगारी, प्रशिक्षित, पडद्यासमोर बसवलेले लोक होते. मागे गिऱ्हाईक उभे असलेल्या आजीला किती झेपेल याचा हिशोब आपणच करावा.

आता रांग लावणाऱ्या यंत्राच्या पोटात थोडं डोकावू, फार खोल जात नाही. ॲप उघडलं की सगळ्या विभागांच्या मेसेजमधून या माणसाला लागू पडणारे निवडले जातात. त्यातून वरच्या पायरीचा एक. पायरी सारखी असेल तर ज्याची मुदत आधी संपते तो. मग तपासणी: याला मागचा मेसेज कधी दाखवला? याने याच गोष्टीला आधी नाही म्हटलं आहे का? हा पैसे पाठवायच्या किंवा पिन टाकायच्या मधोमध आहे का? सगळ्या चाळण्यांतून निघाला तर तो एक दिसतो, बाकीचे थांबतात. यासाठी दारवान एकच लागतो. प्रत्येक विभागाने आपापलं दार पाडलं, की चाळणीला अर्थ उरत नाही. पहिल्या पायरीच्या मेसेजला मात्र संख्येची मर्यादा नसावी, पण त्या पायरीत कोण बसेल ते आधी लिहून ठेवलेलं असावं आणि ते बदलणं अवघड असावं. जाहिरात खात्याने कितीही विनवणी केली तरी.

शहरात बसून ॲप बनवणाऱ्यांच्या काही गोष्टी लक्षातच येत नाहीत, त्या इथे पटकन कळतात. एक म्हणजे, पुष्कळ घरांत चांगला फोन एकच असतो. विमा बाबांच्या नावावर, फोन मुलाच्या हातात, आणि दुपारी खेळणाऱ्या नातवाने फुली दाबून मेसेज घालवलेला. यंत्राच्या वहीत नोंद झाली, ‘पाहिला’. म्हणून पहिल्या पायरीच्या मेसेजला फुलीवर सोडू नये. काम झालं तरच तो संपला. खबर दिली गेली, कागद भरला गेला, मग तो जावा. तोवर त्याने पट्टी होऊन कोपऱ्यात थांबावं, ओरडू नये, पण जाऊही नये. दुसरी गोष्ट नेटवर्कची. शेतात रेंज जाते-येते. मेसेज कितीदा दाखवला याची मोजणी फक्त दूरच्या सर्व्हरवर ठेवली, तर रेंज नसताना तोच मेसेज तीनदा येतो. मोजणी फोनमध्येही ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट आपल्या खास दुखण्याची आहे. १९५६ पासून आपण आजच्या मध्य प्रदेशात, २०२३ पासून जिल्हा पांढुर्णा. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजार आणि दवाखाना नागपूरचा. ॲप आपल्याला कोण समजतं? राज्य पाहून हिंदीत बोलतं, सीमेपलीकडचा मनोरा पकडला की कधी महाराष्ट्राच्या योजना सांगू लागतं, आणि बँकेची खरी महत्त्वाची ओळ इंग्रजीत येते. ज्या भाषेत माणूस पटकन वाचत नाही त्या भाषेतल्या मेसेजची पायरी आपोआप दोनने खाली येते, मग पाठवणाऱ्याने त्याला कितीही लाल रंग दिलेला असो. सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यासाठी ॲपवाल्यांनी मराठी द्यावी, ही मागणी अस्मितेच्या व्यासपीठावर आपण नेहमी करतो. ती सुरक्षेची मागणी म्हणूनही करता येते, आणि तशी केली तर जास्त ऐकली जाईल असा आमचा अंदाज आहे.

हे सगळं ठाऊक असूनही बहुतेक ॲपमध्ये गर्दी का असते? कारण हिशोब एकाच बाजूचा होतो. कर्जाची चौकट दाखवली, १,००० जणांपैकी किती जणांनी दाबली, हा आकडा संध्याकाळपर्यंत साहेबांच्या टेबलावर असतो. पण ज्याने कंटाळून चौकटी वाचणंच सोडलं, जो आता डोळे मिटून फुली दाबतो, त्याचा आकडा कोणत्याच टेबलावर येत नाही. तो आणायचा एक मार्ग आहे: थोड्या लोकांना महिना-दोन महिने जाहिरातीचे मेसेज अजिबात दाखवायचे नाहीत, आणि मग खऱ्या तातडीचा मेसेज कोण जास्त वाचतो ते दोन्ही गटांत मोजायचं. साधं आहे. पण त्या थोड्या लोकांपुरतं उत्पन्न सोडावं लागतं, म्हणून ते करायला धीर लागतो. आमच्या पाहण्यात हा धीर दाखवणारे थोडे आहेत, पण आहेत.

एक प्रश्न नेहमी येतो, की मग आम्ही सगळेच मेसेज बंद करून टाकावेत का? नको. सरसकट बंद केलं की पोराचं नावही ऐकू येत नाही. नोटिफिकेशन आलं की त्याच्यावर बोट दाबून धरा, तो कोणत्या कप्प्यातला आहे ते दिसेल. जाहिरातीचा कप्पा बंद करा, व्यवहाराचा चालू ठेवा. ॲपच्या आत ‘पुन्हा दाखवू नका’ असं कुठे असेल तर नुसती फुली दाबण्याऐवजी ते दाबा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर हे काम सुट्टीत आलेल्या मुलांनी करून द्यावं. गणपतीला आलेली मंडळी अजून गावातच आहेत, तेवढी दहा मिनिटं काढा.

जाता जाता आपल्या स्वतःच्या माईकबद्दल बोलतो, कारण इथे कुणा कंपनीला दोष देता येत नाही. प्रत्येक गावाचा, प्रत्येक मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी सूर्य-फुलांची चित्रं, सुविचार, वाढदिवसाचे चाळीस केक, मग पुढे ढकललेले व्हिडिओ. यात कुणीतरी लिहितं, ‘अमक्यांचं पहाटे निधन, अंत्ययात्रा ११ वाजता.’ तो निरोप वर सरकत जातो. ज्यांना जायचं असतं त्यांना दुपारी कळतं. नंतर त्या घरी भेटायला गेल्यावर तोंडातून शब्द निघत नाही, आणि ‘ग्रुपवर टाकलं होतं’ हे उत्तर कुणाचंच समाधान करत नाही. सुविचार टाकणारा वाईट नाही. त्यानेही दिवसाला एकच टाकला होता.

यासाठी ॲप बनवणारा लागत नाही. ग्रुपच्या सेटिंगमध्ये फक्त ॲडमिननेच लिहावं अशी सोय आहे. मंडळाने दोन ग्रुप करावेत. एक आहे तसाच राहू द्या, त्यात केक येऊ द्या, फुलं येऊ द्या, त्याशिवाय मजा नाही. दुसरा फक्त निरोपांचा. त्यात लिहिणारी तीन माणसं, त्यातली एक तरी महिला मंडळातली, आणि काय लिहायचं ते आधी ठरलेलं: निधन, रक्ताची गरज, हरवलेलं माणूस, पुराचा किंवा पाण्याचा इशारा, मंडळाची सभा. वर्गणीची आठवण त्यात घालायची की नाही, यावर कार्यकारिणीत वाद होईल हे आम्हाला दिसतंच आहे. आमचं मत विचाराल तर घालू नये. त्या ग्रुपवर महिनाभर काहीच आलं नाही तरी चालेल. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा देशभर ठिकठिकाणी फोन एकदम भोंग्यासारखे वाजले आणि हातातलं काम टाकून लोकांनी ते पाहिले, कारण तो आवाज त्यांनी आधी कधी ऐकलेला नव्हता. कोषाध्यक्ष वर्गणीसाठी फारच आग्रही असतील, तर त्यांना आरतीनंतरचा माईक द्यावा.